सेल्फ, अल्टरनेटर, इंजेक्टर, टर्बो : नवा घ्यावा की रिकंडिशन? गावाकडच्या गाडीवाल्यांसाठी

गाडी गॅरेजला लागली, बॉनेट उघडलं, की मेकॅनिकचा प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, नवा टाकू का रिकंडिशन?" या प्रश्नाचं नागपुरातलं उत्तर वेगळं आणि झरी जामणीतलं किंवा सिरोंच्यातलं वेगळं. नागपूरच्या माणसाचा रिकंडिशन पार्ट आठ दिवसांत गेला तर संध्याकाळी दुकानात नेऊन तो बदलून घेतो. आपल्याला तोच पार्ट खोलावा लागतो, पोत्यात बांधावा लागतो, ट्रॅव्हल्सवर पार्सल टाकावा लागतो आणि मग दुकानदाराला फोन करत बसावं लागतं. तोवर गाडी दारात उभी. सोयाबीन काढणीला आलेलं असेल किंवा कापूस मार्केटला न्यायचा असेल, तर दुसऱ्याची पिकअप भाड्यानं करावी लागते. त्यामुळे पार्ट केवढ्याला मिळतो याच्या जोडीला, तो बांधणारा माणूस आपल्यापासून किती किलोमीटरवर बसतो हेही आपल्याला बघावं लागतं. पुढचा सगळा विचार मी याच हिशोबानं मांडला आहे.

आधी, काउंटरवर तुम्हाला नेमकं काय देतात?

'रिकंडिशन' या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली वस्तू कंपनीनं कारखान्यात नव्यानं बांधलेला पार्ट, म्हणजे रिमॅन्युफॅक्चर्ड, थोडक्यात रिमॅन. जुना पार्ट पूर्ण खोलतात, साफ करतात, प्रत्येक तुकडा मोजतात. झिजणारे तुकडे चांगले दिसत असले तरी बदलतात आणि शेवटी नव्या पार्टच्याच मापावर टेस्ट करतात. त्याला स्वतःचा पार्ट नंबर, खोका आणि लेखी वॉरंटी असते. घेताना आपला जुना पार्ट परत द्यावा लागतो. बॉशची 'एक्स्चेंज' ही व्यवस्था आणि टाटा मोटर्सची व्यावसायिक वाहनांसाठीची 'प्रोलाइफ' ही याचीच उदाहरणं.

दुसरी, शहरातल्या कारागिरानं बांधलेला पार्ट. यवतमाळ, अमरावती, अकोला, चंद्रपूर, सगळीकडे असे हात आहेत आणि त्यांतले काही खरोखर सोन्यासारखे आहेत. पण इथे दर्जा पूर्णपणे त्या माणसावर अवलंबून. तिसरी, फक्त दुरुस्त केलेला पार्ट : जे तुटलं तेवढं बदललं, बाकी जुनंच. चौथी, अपघातातल्या गाडीतून काढून डिझेलनं धुतलेला आणि काळा-चंदेरी रंग मारलेला भंगारातला माल. वरून चौघंही सारखेच चकचकीत दिसतात.

'नवा' म्हटलं तरी तो एकच नसतो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला जेन्युइन, तोच पार्ट कंपनीला पुरवणाऱ्यानं स्वतःच्या नावानं विकलेला (लुकास टीव्हीएस, बॉश, व्हॅलिओ अशांचा), आणि नाव-गाव नसलेल्या खोक्यातला स्वस्त माल. यातला दुसरा प्रकार मला सगळ्यात परवडणारा वाटतो. तिसऱ्या प्रकारच्या नव्यापेक्षा चांगल्या कारागिरानं बांधलेला मूळ कंपनीचा जुना पार्ट कधीही बरा, कारण त्याची बॉडी, शाफ्ट आणि वायंडिंग मुळातली असते. तेव्हा "नवा की रिकंडिशन" याच्या आधी "कोणता नवा आणि कोणाचा रिकंडिशन" हे विचारा.

पहिली पायरी : पार्ट खरंच गेला आहे का?

गावाकडे चांगले सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) आणि अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा पार्ट) विनाकारण बदलले जातात. एक साधा मल्टिमीटर घरी ठेवा. इंजिन बंद करून काही तासांनी पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. चावी फिरवून सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या बरंच खाली कोसळलं तर संशय आधी बॅटरीवर घ्या. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे.

आपल्या उन्हाळ्यात, अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा, बॅटरीचं पाणी आटतं आणि तिचं आयुष्य घटतं. पाणी भरायच्या बॅटरीत मार्चपासून दर महिन्याला पातळी बघा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि इंजिनला जाणारी सैल अर्थ वायर हेही नेहमीचे गुन्हेगार. चावी मारल्यावर नुसता 'टक' आवाज आला तर बऱ्याचदा बॅटरी, वायर किंवा सेल्फच्या सोलेनॉइडचा (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचा) कॉन्टॅक्ट यांतलं काहीतरी असतं. अख्खा सेल्फ बदलायची गरज पडत नाही.

डिझेल गाडीला पिकअप नाही आणि धूर काळा, म्हणून लगेच टर्बोवर (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पार्टवर) जाऊ नका. पांदण रस्त्याचा फुफाटा खाऊन एअर फिल्टर गच्च झालेला असतो, नाहीतर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी पाइप फाटलेला असतो. दोन्ही डोळ्यांनी दिसतं.

दुसरी पायरी : पार्ट गेला, पण कशामुळे?

ही पायरी टाळली तर नवा टाका की रिकंडिशन, दोन्ही जातात आणि बोल पार्टला लागतो.

एक उदाहरण जवळून बघू. आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरसाठी (पेडल हलकं करणाऱ्या भागासाठी) लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. पंपाला इंजिनचं ऑइल जातं. मधलं सील कडक झालं की ते ऑइल थेंबाथेंबानं अल्टरनेटरच्या आत उतरतं, कार्बन ब्रशवर बसतं, धुळीशी मिसळून काळा चिखल होतो आणि चार्जिंग बंद पडतं. कारागीर ब्रश आणि डायोड प्लेट बदलून देतो, गाडी धावते. सील तेच राहिलं असेल तर थोड्या महिन्यांत पुन्हा तेच. म्हणून अशा गाडीचा अल्टरनेटर खोलला की आतून तेलकट आहे का ते स्वतः बघा. पंप घट्ट बसला आहे का, ब्रेकचं पेडल कडक तर होत नाही ना, हेही तपासा. इथे चार्जिंगच्या बरोबर ब्रेकही त्याच एका पार्टवर अवलंबून आहेत.

टर्बोचं कारण बहुतेक वेळा ऑइलमध्ये सापडतं : बदल लांबवलेला, ऑइलचा बारीक पाइप कार्बननं तुंबलेला, किंवा भरधाव आल्या आल्या इंजिन बंद करायची सवय. इंजेक्टरचं (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पार्टचं) कारण डिझेलमध्ये : ड्रममध्ये साठवलेलं डिझेल, पावसाळ्यात टाकीत उतरलेलं पाणी, कधीच न सोडलेला फिल्टरचा पाण्याचा नळ. सेल्फचं बेंडिक्स (फ्लायव्हीलच्या रिंगला अडकणारं दातेरी चाक) पुन्हा पुन्हा तुटत असेल तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात बघा. ते झिजलेले असतील तर कितीही महागाचा सेल्फ टिकणार नाही.

तिसरी पायरी : पार्ट पाहून ठरवा

सेल्फ आणि अल्टरनेटर. रिकंडिशन घ्यायला सगळ्यात योग्य पार्ट हेच. आत झिजणारे तुकडे मोजके आणि स्वस्त असतात, कारागिरीही गावोगावी आहे. पण काम तुमच्यासमोर करून घ्या. सेल्फ खोलल्यावर कम्युटेटरच्या (कार्बन ब्रश घासतात त्या गोल भागाच्या) तांब्यावर खोल चर नकोत. लेथवर हलका हात मारल्यानंतर पट्ट्यांमधल्या फटी साफ केलेल्या हव्यात. दोन्ही टोकांचे बुश नवे घाला, शाफ्ट हातानं हलवून बघा, बाजूला डुलला नाही पाहिजे. कार्बन ब्रश नवे, सोलेनॉइडचे तांब्याचे कॉन्टॅक्ट साफ किंवा नवे. आर्मेचर (आतला तार गुंडाळलेला फिरणारा भाग) जळकट वास मारत असेल, वार्निश काळं पडलं असेल, तर ते पुन्हा भरून घेण्याच्या भानगडीत पडू नका, तिथे नवा घ्या. बॅटरीला तार लावून सेल्फ हातात गरगर फिरवून दाखवतात, त्यावर समाधान मानू नका. रिकामा सेल्फ कसाही फिरतो. लोडवर किती अँपिअर खेचतो ते टेस्ट बेंचवर बघायचं असतं.

अल्टरनेटरला दोन्ही बेअरिंग, ब्रश आणि रेग्युलेटर नवे घाला. बदलून घेताना अँपिअर मूळचेच आहेत का ते प्लेटवर वाचा. टपावर जादा लाइट आणि मोठा साउंड लावलेल्या गाडीला कमी अँपिअरचा अल्टरनेटर दिला तर तो तापून मरतो.

इंजेक्टर. जुन्या सुमो, मॅक्स, कमांडरचा साधा पंप-नोझलचा प्रकार जिल्ह्याच्या ठिकाणी निर्धास्त करून घ्या. पंपवाले ते काम वर्षानुवर्षं करत आहेत. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाड्यांची गोष्ट मात्र निराळी. तिथे दाब १,६०० बारच्या आसपास जातो आणि आतल्या व्हॉल्व्हची फट केसाहून बारीक असते. "नोझल बदलून देतो, होऊन जाईल" असं कोणी म्हटलं तर थांबा. बेंचचा छापील रिपोर्ट मागा. त्यात फुल लोड, आयडल, प्री-इंजेक्शन आणि रिटर्न, या प्रत्येक ठिकाणी किती डिझेल पडलं आणि किती पडायला हवं होतं, हे दोन्ही आकडे असतात. ज्याच्याकडे रिपोर्ट नाही त्याच्याकडे मोजमापच नाही.

एक इंजेक्टर गेला म्हणजे चारही बदला असा आग्रह धरला जातो. चारही बेंचवर टेस्ट जरूर करा, पण बदला फक्त नापास झालेले. अनेक इंजेक्टरांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत कोड छापलेला असतो. बसवल्यावर तो स्कॅनरनं गाडीच्या ईसीएममध्ये (इंजिनच्या कंप्युटरमध्ये) टाकावा लागतो. गावातल्या मेकॅनिककडे स्कॅनर नसेल तर तो आधी कुठे मिळेल ते ठरवा, मगच इंजेक्टर उचला. खालची तांब्याची वॉशर दरवेळी नवी.

माझं मत : कॉमन रेलला कंपनीचा रिमॅन इंजेक्टर मिळत असेल तर तो घ्या. तो नसेल तर रिपोर्ट देणाऱ्या अधिकृत डिझेल सेंटरचं काम घ्या, आणि दोन्ही नसतील तर नवा.

टर्बो. याचं चाक मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतं. बुश-सीलची किट घालून टर्बो जोडता येतो, पण फिरणारा भाग मशीनवर बॅलन्स केला नसेल तर तो शिटी वाजवत ऑइल प्यायला लागतो. असं बॅलन्सिंग मशीन तालुक्याला सापडणं कठीण. तेव्हा एकतर बॅलन्स करून आलेला सीलबंद कोअर (मधला फिरणारा भाग) किंवा रिमॅन टर्बो घ्या, नाहीतर नवा. बसवताना ऑइल येण्याचा पाइप नवा घाला, जुना फुंकून लावू नका. चालू करण्याआधी टर्बोत ऑइल भरा, आणि इंजिन ऑइल व फिल्टर त्याच दिवशी बदला.

एसी कंप्रेसर. जुना कंप्रेसर जाम होऊन मेला असेल तर त्याची धातूची भुकटी सगळ्या पाइपांत पसरलेली असते. लाइन फ्लश न करता, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह न बदलता दुसरा कंप्रेसर चढवला तर तोही लवकरच जाणार. एवढं सगळं करणारा माणूस असेल तरच रिकंडिशन घ्या.

पॉवर स्टिअरिंगचा रॅक. सील किटवर भागतं, पण आतल्या रॉडवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही फाटतं. खोलल्यावर रॉडवरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर रॅक बदला.

क्लच. इथे काटकसर नको. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकाच वेळी नवे. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही.

रेडिएटर. पितळी रेडिएटर टाकी उघडून, सळी मारून साफ होतो आणि तो करून घ्यावा. प्लास्टिक टाकीचा अॅल्युमिनियम रेडिएटर गळू लागला तर सोल्युशननं चिकटवून मे महिन्यात जाऊ नका, नवा टाका. इंजिन तापून हेड उठलं (वाकलं) तर तो खर्च रेडिएटरच्या कितीतरी पट होतो.

ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि चाकं. मास्टर सिलेंडर, व्हील सिलेंडर, ब्रेकचे रबरी होज, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग हे नवे, तेही नावाच्या कंपनीचे. ब्रेक शूला नवं लायनर ठोकून घेण्याची पद्धत अजून आहे, पण माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या गाडीला मी ती सुचवणार नाही. डिस्कवर किमान जाडी आणि ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. लेथवर घासून आकडा ओलांडला असेल तर तो तुकडा भंगारात. सीटबेल्ट आणि एअरबॅग कधीही जुने बसवू नका. माणसं गाडीत बसतात, त्यांच्या जिवावर हजार रुपये वाचवायचे नसतात.

इंजिन. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालून इंजिन बांधणं हे मान्य काम आहे. ०.२५, ०.५० अशा मिलिमीटरच्या टप्प्यांत पिस्टन मिळतात. लेथवाल्यानं बोअरचं माप मायक्रोमीटरनं घेऊन कागदावर द्यावं. ब्लॉकच बदलणार असाल तर इंजिन नंबर बदलतो. तो आरटीओत आरसीवर चढवून घ्या आणि ब्लॉक कुठून आला त्याचं बिल जपा. नंबर घासलेला ब्लॉक फुकट मिळाला तरी नको.

चौथी पायरी : फरकाचा हिशोब

समजा नवा अल्टरनेटर ९,००० रुपयांना आणि रिकंडिशन ५,००० रुपयांना मिळतो आहे. फरक ४,००० चा. आता रिकंडिशन एकदा फसला तर काय होईल ते लिहून काढा : पुन्हा उतरवण्या-चढवण्याची मजुरी, पार्सल किंवा नागपूरची फेरी (यवतमाळहून एका बाजूनं दीडशे किलोमीटरच्या आसपास), गाडी उभी राहिलेल्या दिवसांचं भाडं. ही बेरीज ४,००० च्या पुढे जात असेल आणि कारागिरावर तुमचा पूर्ण विश्वास नसेल, तर नवा घ्या. कारागीर तालुक्याच्याच गावात आहे, ओळखीचा आहे, फोन केला तर संध्याकाळी येऊन बघतो, अशी परिस्थिती असेल तर फसण्याचा खर्च पाचशेवर येतो आणि रिकंडिशन जिंकतो.

गाडी किती चालते तेही मोजा. रोज प्रवासी किंवा माल वाहणारी गाडी हंगामाच्या तोंडावर असेल तर नवा. आठवड्यातून एकदा बाजाराला आणि लग्नकार्याला निघणाऱ्या घरच्या गाडीला चांगला रिकंडिशन पुरतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपायला आली असेल आणि पुढे नूतनीकरण करायचं नसेल, तर महागडा नवा पार्ट घालण्यात पैसा अडकतो.

नव्याचे जुने भाव डोक्यात असतील तर पुन्हा विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. काही ठिकाणी फरक त्यामुळेच कमी झालेला दिसेल.

पाचवी पायरी : पैसे देण्याआधी

पार्ट नंबर जुन्या पार्टवरून उतरवून घ्या, मोबाइलवर प्लेटचा फोटो काढा. "बोलेरोचाच आहे" एवढ्यावर जाऊ नका. एकाच गाडीच्या दोन मॉडेलांत पुली, कनेक्टर, दातांची संख्या बदलते. नवा घेताना खोक्यावर एमआरपी, तयार झाल्याची तारीख, कंपनीचा पत्ता आणि होलोग्राम किंवा स्कॅन करायचा कोड बघा. अक्षरं पुसट, स्पेलिंग चुकीचं आणि भाव फारच कमी असेल तर तो खोका परत द्या.

रिकंडिशनवाल्याला हे विचारा : आत काय काय बदललं? बदललेले तुकडे कोणत्या कंपनीचे? टेस्ट कशावर केली? वॉरंटी किती महिने, आणि त्यात फक्त पार्ट की मजुरीही? चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट काढलेले जुने ब्रश, बेअरिंग पिशवीत घालून दाखवतो.

"इलेक्ट्रिक पार्टला गॅरंटी नाही" असं छापलेलं बिल तुम्ही पाहिलं असेलच. रिकंडिशनला दुकानदार तोंडी सहा महिने सांगत असेल तर तेच बिलावर हातानं लिहून, तारीख आणि सही घेऊन ठेवा. पक्कं बिल नसेल तर पुढे तक्रार सिद्ध करणं अवघड जातं. बिल असूनही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मराठीत तक्रार नोंदवता येते.

जुन्या पार्टची किंमत आधी ठरवा. एक्स्चेंजमध्ये त्याचे पैसे वळते होतात, पण तो फुटलेला किंवा अर्धवट खोललेला असेल तर कापून घेतात. म्हणून गावात कोणाला उघडू देऊ नका, जसा निघाला तसा न्या. एक्स्चेंज नको असेल तर जुना सेल्फ घरी आणा. पुढच्या वेळी त्याचे तुकडे कामाला येतात.

सहावी पायरी : बसवल्यावर

पहिल्याच दिवशी लांबच्या प्रवासाला निघू नका. गावातल्या गावात, लोड न टाकता फिरवा आणि गरम इंजिनवर पुन्हा चालू करून बघा, कारण बांधलेल्या सेल्फचा दोष बऱ्याचदा गरम झाल्यावरच उघडा पडतो. अल्टरनेटरचं व्होल्टेज हेडलाइट आणि एसी लावून मोजा. टर्बोचे आणि इंजेक्टरचे जोड कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा, दुसऱ्या दिवशी ओल दिसते का बघा. बसवल्याची तारीख आणि मीटरचं रीडिंग बिलाच्या मागे लिहून ते बिल आरसीच्या पाकिटातच ठेवा. वॉरंटीचे महिने संपायच्या आठवडाभर आधी पार्ट एकदा मोजून घ्या. काही कमी-जास्त निघालं तर ते त्याच दुकानदाराला त्याच बिलावर करायला लावता येतं.